बडोद्याहून हिमालयात : काकासाहेब कालेलकर

बेळगावात वाढलेल्या मुलाला काकासाहेब कालेलकर हे नाव नवे नसते. गांधीजींचे सहकारी, गुजरातीतले थोर लेखक, मागासवर्ग आयोगाचे पहिले अध्यक्ष, एवढी माहिती शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला झालेली असते. मलाही ती तेवढीच होती. पण बर्फाच्या वाटा तुडवणारे काकासाहेब मला भेटले ते गेल्या वर्षीच्या जून महिन्यात, बडोद्याला, दांडिया बाजारातल्या मावशीच्या घरी. मी उजवा पाय दोन उशांवर ठेवून पडून होतो. हिमालयातून परतताना गुडघा इतका सुजला की पुढचा प्रवास अशक्य झाला, आणि गाडी बडोद्यावरूनच जात असल्याने मी तिथेच उतरलो. पायाची हकीकत पुढे येईलच.

मावशीच्या सासऱ्यांचे एक जुने कपाट होते. त्यात गुजराती पुस्तकांच्या रांगेत 'हिमालयनो प्रवास' हे पुस्तक मिळाले. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही हे एकदा डोळ्यांना पटले की पुष्कळ अक्षरे ओळखीची वाटू लागतात. अडले की मावशी सांगे. चार दिवसांत मी वाचू लागलो आणि पाहतो तो काय, हा प्रवास सुरू झाला होता त्याच बडोद्यातून! मग मी या माणसाचे सगळे चरित्रच शोधून वाचले.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म 1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्याचा. घराणे मूळचे सावंतवाडीकडचे. तिकडच्या काळेली या गावावरून कालेलकर हे आडनाव आले. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांच्या बदल्या होत आणि त्यांच्याबरोबर घरही फिरे. सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव, सावनूर अशा गावांतून या मुलाचे बालपण गेले. घरात मराठी, बाहेर कुठे कोकणी तर कुठे कानडी. आपल्या या अंकात मराठीची पाने उलटली की कन्नडची लागतात. काकासाहेबांच्या बालपणात या भाषा अशाच शेजारी शेजारी नांदत होत्या. बेळगावजवळचे बेळगुंदी हे तर त्यांच्या घराचे गाव. पुढे 'स्मरणयात्रा' या पुस्तकात त्यांनी हे सारे बालपण लिहून ठेवले. ते वाचताना कारवारचा समुद्र आणि आपल्या भागातले पावसाळे डोळ्यांसमोर उभे राहतात. बर्फाचा मात्र त्यात मागमूस नाही, आणि असणार तरी कसा?

1907 साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते पदवीधर झाले. तो वंगभंगाच्या चळवळीचा काळ. त्याच सुमारास त्यांनी स्वामी रामतीर्थांवर मराठीत पुस्तक लिहिले. गणिताचे प्राध्यापकपद सोडून संन्यासी झालेले हे रामतीर्थ हिमालयात राहत होते आणि 1906 च्या दिवाळीत टिहरीजवळ नदीत बुडून त्यांचा अंत झाला होता. हिमालयाची ओढ काकासाहेबांना इथूनच लागली असावी असे मला वाटते. पहिले पुस्तक ज्याच्यावर लिहावे त्याची वाट लेखकाच्या मनात कुठेतरी उमटून राहतेच.

पदवीनंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण मन रमले नाही. बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवले, मुंबईच्या 'राष्ट्रमत' या राष्ट्रीय बाण्याच्या दैनिकात काम केले. ते पत्र सरकारी रोषामुळे बंद पडले. मग 1910 च्या सुमारास ते बडोद्याला गेले.

त्या वेळचे बडोदे म्हणजे सयाजीराव महाराजांचे बडोदे. अरविंद घोष 1893 पासून 1906 पर्यंत याच संस्थानच्या सेवेत होते. त्यांचे केंब्रिजपासूनचे स्नेही बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने गंगनाथ भारतीय सर्वविद्यालय ही राष्ट्रीय शिक्षणाची संस्था चालत होती. या शाळेची एक रीत मला फार गोड वाटली. शिक्षक आणि विद्यार्थी हे एक कुटुंब मानायचे म्हणून शिक्षकांना सर किंवा मास्तर न म्हणता घरच्या नात्याने हाक मारीत. त्यामुळे विठ्ठल लक्ष्मण फडके हे मामा झाले आणि कालेलकर काका झाले. ही नावे दोघांना जन्मभर चिकटली. साऱ्या देशाने ज्यांना काकासाहेब म्हटले त्यांचे ते नाव बडोद्याच्या एका लहानशा शाळेतले आहे.

पण राष्ट्रीय शाळा इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलणारच. संस्थानावर दडपण आले आणि 1911-12 मध्ये गंगनाथ विद्यालय बंद करावे लागले. वर्तमानपत्र गेले होते, आता शाळाही गेली. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हा तरुण शिक्षक रिकामा झाला. मागे पत्नी होती, संसार होता. तरीही सारे सोडून तो हिमालयाकडे निघाला. हा निर्णय घरच्यांना किती जड गेला असेल याचा विचार वाचताना माझ्या मनात पुन्हा पुन्हा येई. मावशीचे तर म्हणणे असे की पुरुष हिमालयात जातात तेव्हा घराचा हिमालय बायकांना चढावा लागतो. मला त्यावर उत्तर सुचले नाही.

बरोबर अनंतबुवा मर्ढेकर होते आणि स्वामी आनंद होते. हे स्वामी आनंद जन्माने गुजराती, पण मुंबईत वाढल्यामुळे उत्तम मराठी बोलणारे. पुढे गांधीजींच्या नवजीवन मुद्रणालयाचा भार त्यांनीच वाहिला. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बदरीनाथ ही चारही धामे या यात्रिकांनी पायी केली. काही वर्षांनी साबरमतीच्या आश्रमात असताना काकासाहेबांनी तो प्रवास आठवणीने लिहून काढला आणि 1924 साली त्याचे पुस्तक झाले. गुजराती प्रवासवर्णनात ते आजही मानाचे पुस्तक आहे.

या वाटेवर बर्फाचे काय होते, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. यमुनोत्री, गंगोत्री आणि बदरीनाथ ही स्थाने दहा हजार फुटांच्या वर आहेत आणि केदारनाथ तर साडेअकरा हजारांच्याही वर. गंगोत्रीहून केदारकडे जाणारी जुनी पायवाट बूढा केदार, पंवाली आणि त्रियुगीनारायण अशी उंच कुरणांवरून जाई. हिवाळ्यात या साऱ्या प्रदेशावर बर्फ साचते. चैत्र-वैशाखात ते वितळू लागते, पण डोंगराच्या घळींतून कोसळलेले बर्फ खाली ओढ्यांत घट्ट होऊन राहते आणि जूनपर्यंतही जात नाही. गढवालात अशा ओढ्याला गदेरा म्हणतात. यात्रिकाला हे बर्फ ओलांडूनच जावे लागे. खालून पाणी वाहत असते, वर बर्फाचा पूल असतो. तो किती जाड आहे हे वरून कळत नाही.

आता माझ्या पायाची गोष्ट सांगतो. आम्ही अकरा विद्यार्थी एका मोहिमेबरोबर हिमालयातील एका उंच खिंडीकडे निघालो होतो. जूनचा पहिला आठवडा होता. वाटेत अशीच एक बर्फाने भरलेली घळ आली. बरोबरच्या वृद्ध मेंढपाळ वाटाड्याचे मत असे की अलीकडेच मुक्काम करावा आणि पहाटे ओलांडावे. पण पुढच्या गाडीची तिकिटे काढलेली होती, नेता घाईत होता, आणि खरे सांगायचे तर आम्हा पोरांनाही थांबायचे नव्हते. दुपारी अडीच वाजता आम्ही त्या बर्फावर पाय ठेवला. मी सहावा होतो. पलीकडच्या काठाशी एका खडकाजवळ बर्फ खचले आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. गुडघा पिळवटला. पाऊल खाली कशालाच लागत नव्हते, फक्त पाण्याचा आवाज येत होता. म्हातारा बर्फावर पालथा पडला, सरपटत आला, काठी माझ्या काखांखाली आडवी घातली आणि दोघांनी मिळून मला ओढून काढले. आम्ही काठावर बसून अर्धा तास झाला असेल नसेल तोच वरच्या उतारावरून घरंगळल्यासारखा आवाज झाला आणि ओल्या बर्फाचा एक लोट खाली आला. फार मोठा नव्हता. पण आमच्या पावलांचे सगळे ठसे त्याखाली गेले. म्हातारा रागावला नाही. त्याने चूल पेटवली आणि चहा ठेवला.

बडोद्याला पडल्या पडल्या मी यामागचे शास्त्र वाचू लागलो. बर्फ म्हणजे पांढरा कापूस नव्हे. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बसतो आणि हिवाळाभर थरावर थर चढत जातात, पुरणाच्या पाटीसारखे नव्हे, तर घाईने रचलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखे. एखादा थर घट्ट, एखादा भुसभुशीत. कडाक्याची थंडी पडली आणि बर्फ पातळ असले तर जमिनीलगतचे कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात; ते एकमेकांना धरून राहत नाहीत. वर वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाची कठीण लादी बसली की सापळा तयार झाला. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशी लादी एका माणसाच्या वजनानेही तुटते. हिमस्खलनात सापडणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेच सुरू केलेले असते, हे वाचून मी चमकलो. पायाखाली धप्प असा आवाज होणे, बर्फात भेगा धावणे, आसपास नुकत्याच कोसळलेल्या दरडी दिसणे, या खुणा दिसल्या की मागे फिरावे.

वसंतातले बर्फ निराळ्या प्रकारे फसवते. रात्री ते गोठून टणक होते. ऊन चढले की पाणी झिरपून कणांची पकड सुटते. म्हणून पहाटे जी वाट सुरक्षित असते तीच दुपारी जीवघेणी होते. आमच्या वाटाड्याला हे कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते.

गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर दहापैकी नऊ वाचतात. अर्ध्या-पाऊण तासानंतर तीनपैकी एखादाच. कारण हवेसारखे हलके वाटणारे बर्फ कोसळून थांबले की ओल्या सिमेंटसारखे आवळून बसते. हातही हलवता येत नाही. म्हणून तयार केलेल्या मार्गाबाहेर बर्फावर घसरणारे स्कीपटू आज संदेश देणारे यंत्र, टोचून शोधण्याची लांब सळई आणि फावडे या तीन वस्तू प्रत्येकाजवळ ठेवतात. शहरातून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते; वाचवणारा असतो तो जवळचा सोबतीच. मात्र साधने असली म्हणजे भागले असे नव्हे. 2023 च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या अफरवाट शिखराच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील द्रौपदी का डांडा या शिखरावर गिर्यारोहणाचे शिक्षण घेणारी तुकडी स्खलनात सापडली. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले आणि दोघे सापडलेच नाहीत. त्यांत माझ्याच वयाची मुले होती. काकासाहेबांचा गंगोत्रीचा रस्ता याच उत्तरकाशीवरून जातो.

आपल्या देशात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सैन्याच्या गरजेतून उभा राहिला. 1969 मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली; 2020 पासून ती संरक्षण संशोधनाच्या एका मोठ्या संस्थेत विलीन झाली आहे. डोंगरी जिल्ह्यांसाठी धोक्याचे इशारे तिथून दिले जातात. इशारा वाचणे आणि तो मानणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सारे वाचून मी पुन्हा काकासाहेबांच्या पुस्तकाकडे वळलो तेव्हा एक प्रश्न मनात घोळू लागला. या माणसांजवळ ना यंत्र, ना दोर, ना बर्फावरचे बूट. मग यांची यात्रा पार पडली ती केवळ श्रद्धेवर का? मला तसे वाटत नाही. जुन्या यात्रेच्या रीतीतच पर्वताचे पंचांग विणलेले होते. गंगोत्री-यमुनोत्रीची दारे अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदारनाथाची भाऊबीजेला बंद होतात. थंडीत देवच खाली उतरतो. केदारनाथाची पूजा ऊखीमठला होते, गंगेची मुखब्याला. ज्या महिन्यांत डोंगर बर्फाने भरतो त्या महिन्यांत माणसाने वर जायचे कारणच उरत नाही. वाटेत दर काही मैलांवर चट्टी म्हणजे मुक्कामाची जागा असे. यात्रिक पहाटे उठून चालत आणि ऊन चढले की चट्टीवर थांबून डाळ-तांदूळ शिजवीत. ही रीत बर्फाचा विचार करून घातली असेल असे मी म्हणणार नाही. खालच्या दऱ्यांतले ऊन हे त्याचे साधे कारण. पण वरच्या घळी ओलांडण्यासाठीही तीच वेळ योग्य ठरे. आणि पायी चालणाऱ्याजवळ परतीचे तिकीट नसे. वाट मोडली तर तो दोन दिवस थांबे.

तथापि जुने ते सारे शहाणपणाचे आणि नवे ते सारे अविचाराचे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. यात्रेच्या दिवसांतही पर्वत क्षमा करतोच असे नाही. 1996 च्या ऑगस्टमध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी आलेल्या हिमवादळात दोनशेहून अधिक यात्रेकरू थंडीने व थकव्याने मरण पावले. 2013 च्या जूनमध्ये केदारनाथच्या पुरात रामबाडा हे मुक्कामाचे ठिकाणच वाहून गेले. त्यानंतर लिंचोलीकडून नवी वाट काढली. तिच्यावरही दर वसंतात घळींत साचलेले बर्फ कापून रस्ता मोकळा करावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी होता तोच डोंगर आहे. फक्त थांबायला आता कोणाला वेळ नाही.

हिमालयाने काकासाहेबांना कायमचे ठेवून घेतले नाही. ते परत आले, शांतिनिकेतनात शिकवू लागले आणि तिथेच 1915 मध्ये त्यांची गांधीजींशी गाठ पडली. मग साबरमतीचा आश्रम हेच घर झाले. पत्नी आणि मुलेही तिथे आली. 1928 ते 1935 या काळात त्यांनी गुजरात विद्यापीठाचा कारभार पाहिला. त्यांची गुजराती अशी होती की जन्माने गुजराती असणाऱ्यांहूनही त्यांना सवाई मानले गेले. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींचे सोबती होते. आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगाचाही त्यांना लाभ झाला आणि त्यातून 'हिंडलग्याचा प्रसाद' हे मराठी पुस्तक निघाले. 1952 ते 1964 ते राज्यसभेत होते. 1953 मध्ये नेमलेल्या मागासवर्ग आयोगाचा अहवाल त्यांनी 1955 साली सादर केला. 1964 मध्ये पद्मविभूषण आणि 1965 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 21 ऑगस्ट 1981 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय पंचाण्णव होते. भारतातील नद्यांवर त्यांनी 'लोकमाता' हे पुस्तक लिहिले, त्यात आपल्या भागातल्या नद्याही आहेत. आपली मलप्रभा आणि घटप्रभा पावसाच्या मुली. गंगेला मात्र हिमाचेही पाणी मिळते. ते हिम जिथे वितळते ती जागा पायांनी पाहून आलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे आता मला वाचताना जाणवते.

तीन आठवड्यांनी पाय जमिनीवर टेकू लागला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीचा हात धरून मी सूरसागर तलावापर्यंत चालत गेलो. नेहमीच्या माणसाची दहा मिनिटांची वाट मला पाऊण तास लागली. दर शंभर पावलांवर थांबत होतो आणि मावशी काही न बोलता माझ्याबरोबर थांबत होती. तलावाच्या काठी टेकल्यावर मला त्या मेंढपाळ म्हाताऱ्याची आठवण झाली. त्याचे नावही मी विचारले नव्हते.

पुढच्या वर्षी आमच्यापैकी पाच जण पुन्हा हिमालयात जाणार आहोत. परतीची तिकिटे या वेळी चार दिवस पुढची काढली आहेत.